छोट्या ब्राउझरमध्येच पान का अडकतं?

जून लागला की नागपुरातल्या सायबर कॅफेंमध्ये आणि सेवा केंद्रांमध्ये प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे, दाखल्यांचे फॉर्म भरणाऱ्यांची रांग लागते. महाल असो, सक्करदरा असो की प्रतापनगर, काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "भाऊ, पेज नुसतं फिरून राहिलं, समोर जाऊनच नाही राहिलं." त्यावरचं उत्तरही ठरलेलं: "क्रोममध्ये उघडा ना." क्रोममध्ये फॉर्म सरकन पुढे जातो आणि आधीचा ब्राउझर बेकार ठरतो.

हा निकाल बरेचदा घाईचा असतो. दोष कधी खरंच ब्राउझरचा असतो, कधी वेबसाइटचा असतो, आणि कधी दोघांचाही नसून त्या कॉम्प्युटरचा असतो. पडद्यावर मात्र तिन्ही सारखेच दिसतात: फिरणारं चक्र, कोरं पान, दाबूनही न हलणारं बटण. फायरफॉक्स, पेल मून, फाल्कन यांसारखे कमी लोक वापरतात ते ब्राउझर मी मनापासून जपावेत असं मानतो, आणि म्हणूनच त्यांच्यातले दोष नेमके कुठून येतात हे नीट समजून घ्यायला हवं असं मला वाटतं.

नाव वेगळं, इंजिन वेगळं

वेबसाइटकडून आपल्याकडे तयार चित्र येत नाही, सूचना येतात. इथे शीर्षक ठेवा, इथे चौकट काढा, हे बटण दाबलं की हे काम करा. या सूचना वाचून पान उभं करणारा ब्राउझरच्या आतला भाग म्हणजे इंजिन. मोठ्या वापरात आज तीनच इंजिनं उरली आहेत: गूगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं गेको. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी ही नावं पाच, पण आत सगळीकडे ब्लिंकच.

याची वंशावळ बघण्यासारखी आहे. लिनक्सच्या जगातल्या केडीई प्रकल्पाने आपल्या कॉन्करर ब्राउझरसाठी केएचटीएमएल नावाचं इंजिन लिहिलं. २००३ मध्ये ॲपलने सफारी आणला तो त्याच कोडाच्या आधारावर, आणि त्यातून वेबकिट घडलं. गूगलने २००८ मध्ये क्रोम काढला तो वेबकिटवर, आणि २०१३ मध्ये त्याची वेगळी शाखा करून तिला ब्लिंक म्हटलं. ऑपेराने त्याच वर्षी स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडून गूगलची वाट धरली. मायक्रोसॉफ्टने २०२० च्या जानेवारीत नवा एज आणला, तोही क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या खुल्या कोडावर. ज्या इंजिनात पान चाललं की आपण "बरोबर चाललं" म्हणतो, त्याचं मूळ असं एका छोट्या ब्राउझरात आहे.

छोट्या ब्राउझरांचेही दोन वर्ग पडतात. काही जण मोठं इंजिन उसनं घेतात. फाल्कन क्यूटी वेबइंजिन वापरतो, म्हणजे आत क्रोमियमच असतं, पण थोडं जुनं, ज्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या मागाहून बसवलेल्या असतात. इथे दोष बहुधा त्या मागे राहण्यातून येतात. दुसऱ्या वर्गातले ब्राउझर स्वतःचं इंजिन सांभाळतात. पेल मूनचं गोआना गेकोपासून फुटून वेगळं झालेलं आहे, लेडीबर्ड तर पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिला जातोय. इथे प्रत्येक नवी सोय स्वतः बांधावी लागते आणि ती बांधायला माणसं मोजकी असतात. डिलोसारख्या अगदी हलक्या ब्राउझरात जावास्क्रिप्ट, म्हणजे पानावरची बटणं वगैरे चालवणारी भाषा, मुळीच नाही. त्यात फॉर्मचं बटण हललं नाही तर तो बिघाड नव्हे, तो तसाच बनवलेला आहे.

एक तारीख, दोन उत्तरं

वेबसाइटचा दोष ब्राउझरच्या माथी कसा बसतो, ते एका छोट्या गोष्टीत दिसतं.

समजा एखाद्या फॉर्ममध्ये परीक्षेचा स्लॉट निवडायचा आहे. प्रोग्रामरने तारीख अशी लिहिली: २०२४-०३-१५, मग एक मोकळी जागा, मग १०:३०. जावास्क्रिप्टच्या प्रमाण नियमात तारीख आणि वेळ यांच्यामध्ये मोकळी जागा नाही, रोमन लिपीतलं 'टी' हे अक्षर हवं. ते नसेल तर काय करायचं हे नियमाने प्रत्येक इंजिनावर सोडलं आहे. क्रोम ती मोकळी जागा समजून घेतो. सफारीच्या जुन्या आवृत्त्या त्याच मजकुराला "अवैध तारीख" म्हणत.

पुढे जे होतं ते जास्त त्रासाचं. अवैध तारखेला "ही आजच्या नंतरची आहे का?" असं विचारलं तर उत्तर येतं, नाही. "आजच्या आधीची आहे का?" उत्तर पुन्हा, नाही. फॉर्मच्या कोडात "तारीख आजच्या नंतरची असेल तरच बटण चालू कर" असं लिहिलेलं असतं, त्यामुळे बटण कायमचं बंद राहतं. लाल अक्षरात कुठलाही संदेश येत नाही. भरणारा दहा वेळा दाबतो, पान पुन्हा उघडतो, नेट तपासतो. चूक मात्र त्या एका मोकळ्या जागेत असते, आणि ती प्रोग्रामरने केलेली असते. त्याच्या टेबलावरच्या क्रोमने ती पोटात घातली म्हणून त्याला ती कधी दिसलीच नाही.

परसोडीच्या आयटी पार्कात असो, मिहानमध्ये असो की पुण्या-बंगळुरूला, कामाची मुदत तोंडावर आली की पान एका ब्राउझरमध्ये तपासून पुढे पाठवलं जातं. एप्रिलमध्ये आपल्याकडे नेहमीच्या मापाच्या कूलरच्या ताट्या कोपऱ्यावर मिळतात, वेगळ्या मापाचा कूलर असेल तर ताटी बेतून घ्यावी लागते. कूलरमध्ये खोट नसते, बाजाराने ते माप धरलेलं नसतं इतकंच. छोट्या ब्राउझरचंही तसंच.

नाव विचारणाऱ्या वेबसाइट

काही वेबसाइट याहून पुढे जातात आणि ब्राउझरला दारातच नाव विचारतात. प्रत्येक ब्राउझर वेबसाइटला स्वतःची ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो, तिला यूजर एजंट म्हणतात. ती ओळ वाचून "आपला ब्राउझर चालणार नाही" असं सांगणारी पानं सरकारी कामात आणि बँकांमध्ये सर्रास भेटतात. ब्राउझरला काय जमतं हे न विचारता तो कोण आहे एवढंच बघायचं, ही पद्धत मला साफ चुकीची वाटते.

या पद्धतीने ब्राउझरांना वेषांतर करायला लावलं आहे. आज जवळपास प्रत्येक ब्राउझरची ओळख "मोझिला/५.०" या शब्दांनी सुरू होते, क्रोमचीही. २००९ मध्ये ऑपेराची दहावी आवृत्ती आली तेव्हा अनेक वेबसाइट दहामधला फक्त पहिला आकडा वाचत आणि ऑपेरा १ समजून तिला हाकलत. शेवटी ऑपेराने ओळखीच्या ओळीत ९.८० असा आकडा ठेवला आणि खरी आवृत्ती मागे दुसरीकडे लिहिली. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही शंभरी गाठली, तेव्हा तीन आकडी संख्येने वेबसाइट मोडतील का, याच्या चाचण्या दोघांनी आधीपासून करून ठेवल्या होत्या. विवाल्डीने २०१९ च्या शेवटी बहुतेक वेबसाइटना आपलं नाव सांगणंच थांबवलं आणि क्रोम म्हणून वावरायला लागला. वेषांतर केल्यावर तीच पानं नीट चालली, तेव्हा आधीची अडचण इंजिनाची नव्हतीच.

मराठी अक्षरांची परीक्षा

आपल्यासाठी सगळ्यात जवळचा विषय हा. "दुसऱ्या" हा शब्द घ्या. कॉम्प्युटरच्या पोटात तो सात चिन्हांचा आहे: द, उकार, स, ऱ, हलंत, य, काना. पडद्यावर त्यातले ऱ, हलंत आणि य एकत्र येऊन य च्या डावीकडे ती छोटी आडवी रेघ उमटायला हवी. साधा र, हलंत आणि य आले तर "सूर्य" मधल्यासारखा रफार वर चढायला हवा. कोणती चिन्हं जोडायची, कोणता आकार निवडायचा, "कि" मधली वेलांटी साठवताना क च्या नंतर असली तरी दाखवताना आधी कशी आणायची, हे सगळं काम शेपिंग नावाचा भाग करतो. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही यासाठी हार्फबझ नावाचं एकच मुक्त सॉफ्टवेअर वापरतात, त्यामुळे या दोघांत मराठी सहसा सारखी दिसते. एखाद्या छोट्या ब्राउझरात हा भाग अर्धवट असेल, तर हलंत सुटे पडतात आणि वेलांटीखाली ठिपक्यांचं वर्तुळ येतं.

खरी पंचाईत शोधताना होते. तीच रेघ आणखी एका मार्गाने मिळते: साधा र, हलंत, मग न दिसणारं एक जोडचिन्ह आणि य. दोन्ही "दुसऱ्या" डोळ्यांना तंतोतंत सारखे, आत वेगळे. पानावर शब्द एका पद्धतीने लिहिलेला असेल आणि शोधताना तुमचा कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीने लिहीत असेल, तर तो सापडेल की नाही हे ब्राउझरच्या शोधणाऱ्या कोडावर अवलंबून असतं. लाभार्थ्यांच्या यादीत माणसाचं नाव समोर दिसत असताना ब्राउझर "सापडलं नाही" म्हणतो, त्यामागे हे असू शकतं. उपाय साधा आहे: नावाचा जोडाक्षर नसलेला भाग तेवढा शोधा.

टॅब एक गेला की सगळं गेलं

आता ब्राउझरच्या स्वतःच्या दोषांकडे येऊ. पूर्वी सगळे टॅब एकाच प्रोग्रामच्या आत चालत, त्यामुळे एका पानाने घोटाळा केला की अर्धा भरलेला फॉर्म, उघडलेली मेल, सगळंच एका दमात बंद. क्रोमने २००८ मध्ये प्रत्येक टॅबला वेगळ्या प्रक्रियेत, म्हणजे जणू वेगळ्या प्रोग्राममध्ये, ठेवायला सुरुवात केली. फायरफॉक्सला हे जमवायला वेळ लागला, त्याने ते २०१६ च्या ऑगस्टपासून ४८ व्या आवृत्तीत लोकांपर्यंत नेलं. पेल मून आणि सीमंकी हे छोटे ब्राउझर आजही एकाच प्रक्रियेत चालतात. कमी मेमरीच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याचा फायदाही होतो, पण एक टॅब पडला की बाकीचे वाचत नाहीत.

क्रॅशची कारणं बहुतेक मेमरीत सापडतात. ब्राउझरांचा मोठा भाग सी++ या भाषेत लिहिलेला आहे. तिथे वापरून झालेली मेमरीची जागा परत करणं प्रोग्रामरच्या जबाबदारीवर असतं, आणि परत केलेल्या जागेला चुकून पुन्हा हात लागला की क्रॅश होतो, किंवा हल्लेखोराला आत यायला वाट मिळते. क्रोमियम प्रकल्पाने २०२० मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडच्या गंभीर सुरक्षा दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या अशा हाताळणीतले आहेत. मोझिलाने रस्ट ही भाषा पुढे आणली ती याच दुखण्यावर.

दुसरा प्रकार जास्त चकवणारा. "एकदा रिफ्रेश केलं की चालतं" हे लक्षण ओळखीचं असेल. पानाच्या दोन फाइली एकमेकींवर अवलंबून असतात, पण कोणती आधी पोचेल याची खात्री नसते. पहिल्या वेळी दोन्ही नेटवरून येतात आणि क्रम उलटतो, दुसऱ्या वेळी एक फाइल आधीच कॉम्प्युटरवर साठवलेली असते म्हणून क्रम बरोबर लागतो. क्रोमच्या वेगाला आणि सवयीला धरून लिहिलेलं पान दुसऱ्या ब्राउझरात असंच डळमळतं.

आणि मग १३ जानेवारी २०२२. त्या दिवशी जगभर फायरफॉक्समध्ये कुठलंच पान उघडेना. वेबसाइट ठीक, नेट ठीक, फायरफॉक्सची नवी आवृत्तीही त्या दिवशी आलेली नव्हती. झालं असं: फायरफॉक्स स्वतःच्या वापराची काही माहिती मोझिलाला पाठवतो. ती जिथे जाते त्या क्लाउड सेवेने माहितीची ने-आण करायची एचटीटीपी/३ ही नवी पद्धत सुरू केली. माहिती पाठवणारा फायरफॉक्सचा एक भाग मजकुराची लांबी सांगणारं शीर्षक छोट्या रोमन अक्षरांत लिहीत होता, आणि एचटीटीपी/३ चा कोड ते मोठ्या अक्षरांनी सुरू होईल असं धरून शोधत होता. शीर्षक सापडलं नाही, आणि कोड एका न संपणाऱ्या फेऱ्यात अडकला. फायरफॉक्सची सगळी नेटवर्कची कामं एकाच धाग्यातून, म्हणजे एकाच रांगेतून, जात असल्यामुळे उरलेली सगळी पानंही त्याच्या मागे ताटकळली. बंद करून पुन्हा सुरू केलं तरी माहिती पुन्हा पाठवली जायची आणि पुन्हा तेच. हा दोष पूर्णपणे फायरफॉक्सचा होता. मोझिलाने नंतर सगळा तपशील स्वतः उघडपणे मांडला, आणि ते वाचल्यावर माझा त्यांच्यावरचा विश्वास कमी झाला नाही, वाढला.

घड्याळ आणि प्रमाणपत्र

कॉम्प्युटरच्या दोषांमध्ये नागपुरातल्या छोट्या दुकानांत सर्वाधिक दिसणारा म्हणजे मदरबोर्डवरचा संपलेला सेल. लाइट गेली की तारीख मागच्या कुठल्या तरी वर्षात जाते आणि ब्राउझर प्रत्येक वेबसाइटला "असुरक्षित" म्हणायला लागतो. बिचारा बरोबरच सांगत असतो. वेबसाइटच्या खरेपणाची ग्वाही देणाऱ्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, आणि कॉम्प्युटरच्या हिशेबाने ती सुरुवात अजून झालेली नसते. वीस-तीस रुपयांच्या आसपासचा बटण सेल बदलला की काम होतं.

प्रमाणपत्रांची मुदत मोठ्यांनाही नडते. ४ मे २०१९ रोजी, आपल्या वेळेप्रमाणे पहाटे साडेपाचनंतर, मोझिलाचं एक मधलं प्रमाणपत्र मुदत संपून निकामी झालं आणि जगभरातल्या फायरफॉक्समधली ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं, बंद पडली. उलट उदाहरण ३० सप्टेंबर २०२१ चं. त्या दिवशी एक जुनं मूळ प्रमाणपत्र, म्हणजे ज्याच्या भरवशावर बाकीची प्रमाणपत्रं मानली जातात ते, संपलं आणि जुन्या यंत्रांवर असंख्य वेबसाइट उघडेनाशा झाल्या. फायरफॉक्स मूळ प्रमाणपत्रांची यादी स्वतःजवळ बाळगतो, ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादीवर विसंबत नाही, म्हणून तो अशा जुन्या यंत्रांवरही चालत राहिला. विंडोज ७ वरच्या लोकांनाही त्याचा असाच आधार झाला. क्रोमने २०२३ च्या फेब्रुवारीत ११० व्या आवृत्तीपासून विंडोज ७ सोडलं, तर फायरफॉक्सच्या ११५ या दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीला त्यानंतरही सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहिल्या.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. ज्या छोट्या ब्राउझरला कित्येक महिन्यांत एकही नवी आवृत्ती आलेली नाही, त्यात बँकेचा व्यवहार करू नका, तो कितीही आवडत असला तरी. बसवण्याआधी शेवटची आवृत्ती कधीची आहे ते बघा.

दोष कुणाचा, कसं ओळखायचं

पान अडकलं की आधी तारीख-वेळ बघा. मग तेच पान प्रायव्हेट विंडोमध्ये उघडा. तिथे चाललं तर जुनी साठवलेली माहिती किंवा एखादं ॲड-ऑन आड येतंय. जाहिराती अडवणारी ॲड-ऑन कधी कधी फॉर्मच्या गरजेची फाइलही अडवतात. फायरफॉक्समध्ये शिफ्ट दाबून धरत ब्राउझर सुरू केला की ट्रबलशूट मोड मिळतो, त्यात सगळी ॲड-ऑन बंद असतात. व्हिडिओ काळा दिसणं, पान फाटल्यासारखं दिसणं अशी लक्षणं असतील तर सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करून बघा, बरेचदा दोषी ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, निघतो.

एवढं करूनही अडत असेल तर वेगळ्या इंजिनाचा ब्राउझर घ्या. क्रोममध्ये अडलं म्हणून एजमध्ये बघण्याने फारसं कळत नाही, इंजिन तेच. गेको आणि ब्लिंक दोन्हीत अडलं तर वेबसाइटचा सर्व्हर संशयित. एकातच अडलं तर दोष त्या ब्राउझरचा तरी आहे किंवा त्यात न तपासलेल्या वेबसाइटचा तरी. इथपर्यंत सामान्य माणूस आरामात पोचतो, पुढचं ब्राउझर बनवणाऱ्यांचं काम.

त्यांच्यापर्यंत ते पोचवणं मात्र आपल्याकडे राहून जातं, आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. क्रोममध्ये काही मोडलं तर प्रचंड लोकसंख्येवर ते आदळतं आणि काही तासांत कळतं. फाल्कनमध्ये मोडलं तर ते भेटणारी माणसं थोडी, त्यातली बहुतेक मुकाट्याने क्रोमकडे वळतात, आणि दोष नोंदवलाच जात नाही. नोंदवलेलाही लगेच सुटतो असं नाही. खिडकी बदलल्यावरही माहितीची छोटी पिवळी चिठ्ठी पडद्यावर तशीच राहण्याचा मोझिलातला एक दोष २००२ मध्ये नोंदवला गेला होता, तो दुरुस्त झाला २०२३ मध्ये. पण नोंद होती म्हणूनच इतक्या वर्षांनी कुणाला तरी तो हातात घेता आला.

"चालत नाही" एवढंच लिहिलेल्या नोंदीचा उपयोग शून्य. ब्राउझरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, पानाचा पत्ता, काय काय दाबलं त्याचा क्रम, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, शिवाय दुसऱ्या कुठल्या ब्राउझरात ते चालतं का, हे सगळं लिहा. आधीच्या आवृत्तीत चालत होतं हे माहीत असेल तर ते आवर्जून सांगा, कारण त्या दोन आवृत्त्यांमधले बदल एकेक करून तपासता येतात. फायरफॉक्सच्या मेनूत मोडलेल्या वेबसाइटची तक्रार करायची सोय आतच आहे. आधार क्रमांक, जन्मतारीख, पत्ता दिसतील असा स्क्रीनशॉट जोडू नका.

मराठी अक्षरांचा दोष असेल तर नुसता फोटो पुरत नाही. तो शब्द मजकूर म्हणून कॉपी करून चिकटवा, म्हणजे आत कोणती चिन्हं आहेत ते समोरच्याला कळेल. फॉन्टचं नाव लिहा, आणि शेजारी बरोबर दिसणाऱ्या ब्राउझरातलं चित्र द्या. "दुसऱ्या" मधली रेघ कशी दिसायला हवी, हे कोड दुरुस्त करणाऱ्या परदेशातल्या माणसाला माहीत असण्याचं काही कारण नाही, ते आपणच त्याला दाखवायला हवं.